कापगते बाईंचा चिन्नोर

जून १९९३. दहा महिन्यांच्या भाड्याइतका अॅडव्हान्स, म्हणजे नऊ हजार रुपये, रोख. हजर असलेले: मी, माझी बायको वत्सला, समोरच्या घरातल्या गौरम्मा आणि भाडेकरू म्हणून आलेल्या डॉ. निर्मला कापगते. गौरम्मांना आम्ही साक्षीदार म्हणून बोलावलं नव्हतं. त्या नवीन माणूस बघायला आल्या होत्या.

राजाजीनगरातल्या आमच्या घराच्या वर एक खोली, न्हाणीघर आणि उरलेली सगळी मोकळी गच्ची आहे. खोली बघायला येणारा माणूस आधी नळ सोडून बघतो. या बाई खोलीत डोकावल्यासुद्धा नाहीत. सरळ गच्चीच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इथं ऊन किती वाजेपर्यंत असते जी?"

"पाचपर्यंत," मी म्हणालो.

"आन् त्या नारळाची सावली?"

"डिसेंबरात येते स्वल्प," वत्सला म्हणाली.

"मग चालते. डिसेंबरात माझं कापून होते."

काय कापून होतं हे विचारायचा धीर आम्हाला झाला नाही. गौरम्मा मात्र गंभीर झाल्या आणि आपल्या घरी गेल्या.

बाई तेव्हा चाळिशीच्या असतील. उंच, काटक, केस घट्ट बांधलेले, खांद्याला कापडी पिशवी. लग्न केलेलं नव्हतं. गाव भंडारा जिल्ह्यातलं. शहराच्या उत्तरेला येलहंकाच्या वाटेवर एक संशोधन केंद्र आहे, तिथे त्या भाताच्या जाती सुधारायच्या कामावर आल्या होत्या. आमचं घराणं बेंगळूरात इतक्या पिढ्या आहे की आमच्या मराठीत निम्मं कन्नड कधी शिरलं ते आमचं आम्हाला कळलं नाही. बाईंची मराठी आम्हाला नवीन आणि आमची त्यांना. बाई असून त्या "मी येतो", "मी जातो" म्हणत. त्यांच्याकडे सगळ्या बायका तसंच बोलतात. वत्सला पहिल्या दिवशी हसली, दुसऱ्या दिवशी तिने त्यांना अक्का म्हणायला सुरुवात केली. मला त्या राव जी म्हणत.

आठवड्याभरात गच्चीवर सिमेंटची टाकी आली, मग आणखी आल्या, आणि त्यांत येलहंकाकडच्या तळ्यातला चिखल. गच्चीवर वजन किती पडेल याचा हिशेब मी मांडला आणि टाक्या भिंतींच्या वरच ठेवा असं सांगितलं. बाईंनी तो हिशेब स्वतः तपासला, त्यातली एक चूक दाखवली आणि टाक्या हलवल्या. त्या दिवसापासून आमचं जमलं.

टाक्यांत भात लावला होता. त्यांच्या गावचा चिन्नोर. बारीक दाण्याचा आणि वासाचा. आता केंद्रात एवढी शेतं असताना हा भात आमच्या डोक्यावर का, हे मी विचारलं. केंद्राचं काम मोठ्या प्रमाणावर पिकणाऱ्या जातींवर होतं. चिन्नोरसाठी साहेबांनी स्पष्ट नाही म्हटलं नव्हतं, एवढंच म्हटलं होतं, "तुमच्या जिल्ह्याबाहेर कोण खातं तो?" त्यामुळे चिन्नोर त्यांनी घरी वाढवायचा आणि केंद्रातले नमुने तपासून झाल्यावर यंत्रात जागा उरली तर आपली पानं घालायची, असं ठरलं होतं.

त्यांच्या गावावर गादमाशी येते. डासाएवढी माशी. तिची अळी भाताच्या कोवळ्या फुटव्यात शिरते आणि त्या फुटव्याची पोकळ नळी होते, कांद्याच्या पातीसारखी, रंगाने चंदेरी. तिला त्यांच्याकडे पोंगा म्हणतात. त्याला मग लोंबी येत नाही. दिसायला सुंदर असतं, असं बाई म्हणत, आणि ते सांगताना त्यांचा चेहरा बघवत नसे. गाद दरवर्षी यायला लागल्यावर त्यांच्या धाकट्या भावाने, सुखदेवने, चिन्नोर सोडून जाडा भात लावायला सुरुवात केली. त्यावर गाद येत नाही. पिकतोही जास्त. पण त्यांची आई म्हणाली होती, "हा भात पोटात जाते, नाकात जात नाही." तिने चिन्नोरचं मूठभर बी लेकीच्या पदरात बांधलं होतं. त्या जाड्या भाताचा न किडण्याचा गुण चिन्नोरमध्ये आणायचा आणि आई आहे तोवर तिच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, चिन्नोर पुन्हा उभा करायचा, एवढंच बाईंना हवं होतं. आई सत्तरीच्या पुढे होती.

मी बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात खर्चाचा हिशेब ठेवतो. मला एक गोष्ट पटत नव्हती. मी विचारलं, "बाई, बेंगळूरात गादमाशी नाही. मग कोणत्या रोपात तो गुण उतरला हे तुम्हाला कळणार कसं?"

त्यांनी गच्चीवरून खाली बोट दाखवलं. "गौरम्मा घरात हायेत का?"

"आहेत."

"तुम्ही पाह्यलं?"

"चपला आहेत ना दाराशी."

"तसंच हाय जी. तो गुण मले दिसत नाही. पण त्याच्या दाराशी एक खूण असते. पानाचा एवढासा तुकडा घेऊन ती खूण पाहता येते. खूण दिसली की समजायचं, गुण घरात हाय. माशीची वाट पाहात बसायचं काम नाही."

गौरम्मांनी खालून वर पाहिलं. आपल्याबद्दल काय चाललंय हे त्यांना पुढे कितीतरी दिवस कळलं नाही.

बाईंच्या खोलीत एक खुर्ची होती. एक ताट, एक पेला, एक पातेलं. वत्सला वर गेली की तिला खुर्चीवर बसवून त्या उभ्या राहात, म्हणून वत्सलाने जाणंच कमी केलं. त्यांना कोणी भेटायला आल्याचं मला आठवत नाही. केंद्रातून येताना बस बदलून त्या सातच्या आत घरी येत. रात्री हिंदी बातम्या संपत आल्या की जिन्यावर त्यांचं उतरतं पाऊल वाजे. आमच्या दारात उभ्या राहून फक्त हवामान ऐकत. आत या म्हटलं तर, "नाही जी, झालं." विदर्भात ढगाळ म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. ढगाळ हवेत गाद वाढते. हवामान संपलं की त्या वर जात. साडेसहा वर्षांत त्या आमच्या टीव्हीसमोर एकदाही बसल्या नाहीत.

कोपऱ्यावरच्या अंगडीत शिरल्या की तांदळाच्या प्रत्येक पोत्यातली चिमूट हातावर घेऊन वास घेत, मग एक दाणा पुढच्या दातांनी तोडून बघत. दुकानदार शेट्टी एकदा कन्नडमध्ये म्हणाला, "मेडम, दाण्याचे पैसे घेत नाही, पण वासाचे आजपासून लावतो." बाईंना कन्नड जेमतेम येत होतं. मी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "त्याले सांगा, वास असता तर दिले असते."

चिन्नोर दिवाळीच्या सुमाराला फुलतो. आधी पेरा की मागून पेरा, दिवस लहान झाले की तो फुलतो. त्यामुळे वर्षातून एकच संकर करता येई आणि नेमका दिवाळीत. सकाळी लवकर एकेका फुलाचं टोक बारीक कात्रीने कापायचं, आतला नराचा भाग चिमट्याने काढून टाकायचा, आणि अकराच्या सुमाराला दुसऱ्या रोपाचा पराग वर झटकून कागदाची पिशवी चढवायची. पहिल्या वर्षी वत्सला फराळाचं ताट घेऊन वर गेली तर बाई म्हणाल्या, "ठेवा तिथं. आता हात धुतो तर पराग जाते." वत्सलाने चकली त्यांच्या तोंडाशी धरली आणि त्यांनी मान वळवून तुकडा तोडला, डोळे फुलावरच.

"घरी कधी जाता दिवाळीला?" तिने विचारलं.

"दिवाळीत धान फुलते ना."

एवढंच उत्तर. याआधीच्या नोकऱ्यांतही भातच होता. माहेरची दिवाळी त्यांनी किती वर्षं पाहिली नव्हती हे वत्सलाने विचारलं नाही. मीही नाही.

भाऊबीजेला सुखदेव आईला घेऊन तालुक्याच्या गावी येई आणि बूथवरून आमच्या फोनवर बोलणं होई. फोन आमच्या पुढच्या खोलीत. बाई इतक्या मोठ्याने बोलत की आम्ही आत जाऊनही उपयोग नसे. सुरुवात नेहमी तीच. "औंदा गाद किती?" सुखदेव सांगे. मग, "मायले दे." आणि मग आवाज एकदम खाली येई. "जेवली का वं माय? गुडघा कसा हाय? नाही वं, औंदा नाही येत. पुढच्या साली." आई काय म्हणे ते आम्हाला ऐकू येत नसे, पण एकदा बाई हसत हसत वत्सलाला म्हणाल्या, "माय म्हणते, तू धानाशीच लगन लावलं का? म्हटलं, त्याच्यातही दरवर्षी नवरा बदलतो."

असं ९३, ९४, ९५. तीन दिवाळ्या, तीन संकर. पहिला जाड्या भाताशी, पुढचे पुन्हा चिन्नोरशीच. प्रत्येक खेपेला जाड्या भाताचं रक्त निम्मं होत जाणार आणि फक्त तो एक गुण राहणार, असा हिशेब. मला तो लगेच समजला, चक्रवाढीच्या उलट. केंद्रातून त्या एक्स-रेसारखी फिल्म घेऊन येत आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला लावून बघत. फिल्मवर शिडीसारख्या काळ्या रेघा. एक रेघ जाड्या भाताची, तीच खूण. ती ज्या रोपात असेल ते ठेवायचं. वत्सलाचे डोळे सवयीचे झाले. भाजी फोडणीला टाकून ती मागे वळून म्हणे, "अक्का, चौथ्यात आहे, सातव्यात नाही." बाई म्हणत, "सरी." म्हणजे ठीक. एवढं कन्नड त्यांनी आमच्याकडून उचललं होतं.

१९९६ साली शेवटच्या संकराची रोपं वाढली. खूण सहा रोपांत होती. त्यातलं एक हुबेहूब चिन्नोर. दाणा तसाच, वास तसाच. बाकीची पाच जाडसर, वास नाही. बाईंनी एका दाण्याचं टरफल नखाने काढलं, आमच्या हातावर ठेवलं आणि म्हणाल्या, "हाच." त्या दिवशी प्रथमच त्या आमच्याकडे बसून जेवल्या.

मी विचारलं होतं, "एकदा गादमाशी असलेल्या ठिकाणी लावून खात्री करून मग पुढे नेणार का?"

"नेमानं तर तसंच करावं लागते. खुणाही दोन पाहाव्या लागतात, गुणाच्या या बाजूची आन् त्या बाजूची. दुसरी आमच्याकडे अजून नीट बसली नाही." मग म्हणाल्या, "त्याच्यात दोन सालं जातात, राव जी. मायचा गुडघा गेला, आता डोळेही चालले."

त्या एका रोपाचं सगळं बी सुखदेवकडे गेलं. त्याने ९७च्या जुलैत आईच्या बांधीत ते लावलं. आईला बांधावर खाट टाकून दिली होती, असं फोनवर कळलं. बाकीच्या पाच रोपांचं बी टाकवत नाही म्हणून बाईंनी आमच्या गच्चीवरच्या टाक्यांत पेरलं.

सप्टेंबरात आठवडाभर टीव्हीवर विदर्भ ढगाखाली होता. मग सुखदेवचा फोन आला. रविवार होता, मी घरी होतो. बाई खाली आल्या.

"औंदा गाद किती?"

बराच वेळ त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "शंभर फुटव्यांत किती, ते मोज." पुन्हा ऐकलं. "मोजाले काही उरलं नाही म्हणजे काय? सगळंच?" आणि मग, "मायले दे."

आई काय बोलली ते त्यांनी मागाहून वत्सलाला सांगितलं. आई म्हणाली होती, "बाई वं, वास मात्र आला होता. पऱ्हे उपटताना हाताले आला होता." पऱ्हे म्हणजे लावणीआधीची कोवळी रोपं.

फोन ठेवून बाई पायरीवर बसल्या. कधी नाही ते मी त्यांच्याजवळ बसलो. विचारलं, "खूण तर होती ना?"

"खूण होती जी. खूण आन् गुण शेजारी राहतात, एक नाहीत. संकरात कधी मधातून तुटते. खूण इकडं राहाते, गुण तिकडं जाते. म्हणून दोन बाजूंनी पाहाचं असते." त्यांनी समोर गौरम्मांच्या दाराकडे पाहिलं. चपला दाराशी होत्या आणि गौरम्मा त्याच वेळी अनवाणी, हातात दूध घेऊन, कोपऱ्यावरून येत होत्या. "मले माहीत होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "केंद्रात नव्या पोरांना हेच शिकवतो मी. घाई माझी होती."

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी गच्चीवरच्या त्या पाच रोपांच्या पिढीची पानं केंद्रात नेली. दुसऱ्या बाजूची खूण एव्हाना बसली होती. दोन टाक्यांतल्या रोपांत दोन्ही बाजूंनी खूण होती. म्हणजे मधला गुणही होता. पण दाणा जाड, वास नाही. पुन्हा एकदा चिन्नोरशी संकर करावा लागणार होता. आणि तो, अर्थातच, दिवाळीत.

आईने या खेपेला स्वतः फोनवर सांगितलं होतं, "धान राहू दे, तू येऊन जा." हे वत्सलाने ऐकलं, कारण त्या दिवशी बाईंनी फोन कानापासून थोडा दूर धरला होता. बाई म्हणाल्या, "एवढे पंधरा दिवस. फूल झालं की निघतो." मी त्यांच्यासाठी तिकीट काढून आणलं, पंधरा दिवसांनंतरचं.

संकराच्या ऐन दिवसांत, सकाळी आठला, सुखदेवचा फोन. माय गेली. फोन मीच घेतला होता, मीच वर जाऊन सांगितलं. बाईंच्या हातात कात्री होती. त्यांनी विचारलं, "केव्हा?" "पहाटे." बेंगळूरहून नागपूरला जायला एक दिवस आणि एक रात्र, तिथून पुढे बस. अंत्यविधीला पोचणं शक्य नव्हतं. त्यांना ते माझ्याआधी कळलं असणार. त्या खाली वाकल्या आणि पुढचं फूल कापलं.

वत्सला वर आली आणि माझ्याकडे पाहून कन्नडमध्ये पुटपुटली, "ही काय बाई आहे!" बाईंना ते समजलं की नाही कोण जाणे. त्या न वळता म्हणाल्या, "वत्सलाबाई, तुम्ही बोलत राहा. काहीही बोला."

"काय बोलू अक्का?"

"काहीही. फक्त थांबू नका."

वत्सला टाकीच्या कडेवर बसली आणि बोलत राहिली. नारळाचा भाव, गौरम्मांची सून, आमच्या मुलीची शिवणाची बाई, मल्लेश्वरमला मिळणारं खोटं केशर. मी कारखान्याला फोन करून रजा सांगितली आणि गच्चीच्या दारात उभा राहिलो. अकरा वाजता बाईंनी पराग झटकला, पिशव्या चढवल्या, एकेक दोऱ्याने बांधली. शेवटची बांधून झाल्यावर कात्री पुसून डबीत ठेवली. मग वत्सलाच्या शेजारी टाकीच्या कडेवर बसल्या आणि तिचा पदर हातात धरून बसून राहिल्या. वत्सला अजून केशराबद्दलच बोलत होती, कारण थांबू नका म्हणून सांगितलं होतं.

संध्याकाळच्या गाडीने त्या गेल्या. दहाव्यापर्यंत टाक्यांना पाणी आम्ही घातलं. परत आल्यावर खांद्यावरची पिशवी खाली ठेवायच्या आधी बाईंनी विचारलं, "किती लोंब्या धरल्या?" वाऱ्याने पिशवी फाटलेल्या सोडून बाकी सगळ्या धरल्या होत्या.

पुढचं वर्ष त्या रोपांचं. दोन्ही खुणा, बारीक दाणा, वास. या खेपेला त्यांनी थोडं बी एका ओळखीच्या माणसाकडे गाद येते अशा ठिकाणी पाठवून खात्री करून घेतली. उरलेलं ९९च्या जूनमध्ये सुखदेवकडे गेलं. दरम्यान केंद्रातलं त्यांचं काम संपत आलं होतं, आणि गोंदियाकडच्या एका कॉलेजात शिकवायची जागा त्यांनी घेतली होती.

त्या डिसेंबर ९९मध्ये खोली सोडून गेल्या. कारखान्यात मालाची मोजणी चालू होती, मी घरी नव्हतो. अॅडव्हान्सचे नऊ हजार वत्सलाने त्यांना परत दिले, रंगाचे पैसे कापले नाहीत. मी नसल्यामुळे जाताना त्या कशा दिसत होत्या ते मला सांगता येणार नाही. मला शेवटच्या नीट आठवतात त्या त्याआधीच्या, सप्टेंबरातल्या.

आठवडाभर टीव्हीवर विदर्भ ढगाखाली होता. फोन वाजला, बाई खाली आल्या. वत्सला दारात, मी खुर्चीत.

"औंदा गाद किती?"

सुखदेव इतक्या मोठ्याने बोलत होता की मला खुर्चीत ऐकू आलं. शेजारच्या बांधीत आली, ताई. दोन्हीकडे आली. आपल्या धुऱ्यापर्यंत सगळं चंदेरी. आपल्यात नाही. एक पोंगा नाही. लोक पाहाले येऊन राहिले. आन् वास सुटला हाय, रस्त्यापर्यंत.

बाईंचा चेहरा मी सहा वर्षांत असा पाहिला नव्हता. त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला, डोळे मिटले आणि म्हणाल्या,

"मायले दे."

पलीकडून काहीच आलं नाही. वत्सलाने माझ्याकडे पाहिलं. बाईंनी डोळे उघडले. मग त्यांनी फोन हळूच ठेवला, वळल्या, आणि जिना चढून वर गेल्या.